बेचाळीस एमबीत मावलेली आई

वाहत्या काळाला दावं लावून गोठ्यात बांधावं, ही मानवजातीची सनातन आकांक्षा आहे. ती आकांक्षा २००८ सालच्या फेब्रुवारीत, सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सफल झाली असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं. ती सफल होत होती तेव्हा मी टेबलाखाली पालथा पडलो होतो, तोंडात बॅटरी धरली होती आणि पिवळी वायर लाल भोकात खुपसून तासभर वाट बघत होतो.

"रंग बघून लाव," वरून अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. कुठलीही वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची असली की ते तिच्याकडे पाणी म्हणूनच बघत. टीव्हीचं चित्र डिशमधून सेट टॉप बॉक्समध्ये, बॉक्समधून तीन वायरींनी माझ्या कॉम्प्युटरमध्ये आणि कॉम्प्युटरमधून सीडीत जाणार, हे मी सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की गळती किती धरली आहे.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. आई, वय वर्षं सदुसष्ट, एका मराठी वाहिनीवरच्या दुपारच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात निवडली गेली होती. कोल्हापूरला चाचणी झाली, मग मुंबईला जाऊन चित्रीकरण झालं. तिनं तिथे कुळथाचे शेंगोळे केले, कारळ्याची पूड घालून. आमच्या घराण्यात हे शेंगोळे म्हणजे जवळपास कुलदैवत. परत आल्यावर तिनं स्टुडिओत फार गार होतं आणि तिथली कढई पातळ होती, एवढा वृत्तांत दिला आणि विषय बंद केला. आम्ही तिचा विनय समजलो.

आणि मग वाहिनीचा फोन आला. प्रक्षेपण गुरुवारी दुपारी दीड वाजता. त्याच गुरुवारी कोल्हापुरात माझ्या चुलतभावाचं, रणधीरचं लग्न होतं. अक्षता बारा पस्तीसला. म्हणजे आई टीव्हीवर शेंगोळे वळत असताना अख्खं घराणं पंगतीत बसलेलं असणार, आणि त्या पंगतीत स्वतः आईसुद्धा. सदुसष्ट वर्षं जिचं कुणी काही छापलं नाही की दाखवलं नाही, तिची बावीस मिनिटं हवेत विरून जाणार होती.

माझी बायको वृंदा म्हणाली, कार्यालयात एक टीव्ही भाड्यानं लावू. आईनं ते तिथल्या तिथे मोडून काढलं. लग्न रणधीरचं आहे, शालनच्या घरचं पहिलं कार्य आहे, त्यात आपला टीव्ही कशाला, असं ती म्हणाली. शालन म्हणजे माझी काकू, नवरदेवाची आई, आईची धाकटी जाऊ. आईचा हा मोठेपणा बघून मला भरून आलं, आणि मी जाहीर केलं की मी ते रेकॉर्ड करणार.

यावर घरात जी शांतता पसरली तिला इतिहास होता. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. पण भूगोल विभागाला मिळालेला पहिला कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवला गेल्यामुळे मी नातेवाइकांत कॉम्प्युटरवाला म्हणून प्रसिद्ध होतो. त्या प्रसिद्धीच्या जोरावर मी मागच्या वर्षी अण्णांच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो एका सुरक्षित जागी हलवले होते. ते अजून सुरक्षित आहेत. कुठे, ते कळलेलं नाही. त्यामुळे ही बावीस मिनिटं माझ्या अब्रूचीही होती.

टीव्ही ट्यूनर कार्ड मी मगदूमच्या दुकानातून आणलं. मगदूम हा सांगलीतला एकमेव कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, जो "होऊन जाईल" असं कधीच म्हणत नसे. त्यानं मला समजावलं, की चित्रीकरण कच्चं उतरतं तेव्हा अवाढव्य असतं. चाळीस मिनिटांचे पावणेदोन जीबी. सीडीत मावतात सातशे एमबी. तेव्हा ते नंतर दाबावं लागेल, आणि दाबायला माझ्या मशीनला दहा तास लागतील. आणि दाबताना सर, तो म्हणाला, चित्र दाखवणारी खिडकी उघडून बघत बसू नका, मशीन आणखी हळू होतं.

पुढचे तीन आठवडे मी जो काही उन्माद अनुभवला तो लग्न ठरल्यावरही नव्हता अनुभवला. पहिल्या चाचणीत चित्र आलं, आवाज नाही. दुसरीत आवाज आला, चित्र नाही. तिसरीत दोन्ही आलं, पण चार सेकंदांच्या अंतरानं. बातम्या देणारी बाई तोंड मिटायची आणि मग बोलायची. अण्णांनी ती संपूर्ण बातमी पाहिली आणि अशानं जास्त नीट समजतं असं मत दिलं. चौथ्या चाचणीत सगळं जमलं, आणि मी मुद्दाम दाबून बघितलं तर बाईच्या चेहऱ्याच्या विटा झाल्या होत्या.

अण्णांना या दाबण्याच्या शास्त्राचं फार कुतूहल. मी सांगितलं की चित्रात जे बदलत नाही ते कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा लिहीत नाही. फक्त जे हललं तेवढंच लिहितो. अण्णांचा चेहरा उजळला.

"म्हणजे वरीलप्रमाणे," ते म्हणाले. "आम्ही मोजमाप पुस्तकात हेच करायचो. साखळी क्रमांक बारा, वरीलप्रमाणे. तेरा, वरीलप्रमाणे. एका ओव्हरसियरनं अख्खा कालवा असा खणला होता."

आई सोफ्यावर बसून गवार मोडत हे ऐकत असायची. घरातल्या बाकीच्यांना मी रोज संध्याकाळी धडे देत होतो. बॉक्स बंद करायचा नाही, बटणांच्या बोर्डाला हात लावायचा नाही, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या दिवशी रिमोटच्या वाटेला जायचं नाही. वृंदा ऐकता ऐकता पेपर तपासायची. अण्णा झोपायचे. आई मात्र एखादा नेमका प्रश्न विचारायची. टीव्ही बंद असला तरी आत जातं का. जातं, मी म्हणायचो. मग नेमकं काय जातं. बॉक्सवर जी वाहिनी लागलेली असेल ती, मी सांगायचो, कॉम्प्युटरला वाहिनी कळत नाही, त्याला जे पाठवाल ते तो घेतो. आई मान हलवायची. अठरा वर्षांच्या नोकरीत मला असा विद्यार्थी लाभला नव्हता.

घराबाहेर पडताना सगळ्या खोल्यांतून फिरून बटणं बंद करायची अण्णांना सवय. एकदा तर त्यांनी परगावी जाताना शेजाऱ्यांची बेलसुद्धा बंद करून ठेवली होती. म्हणून गुरुवारी सकाळी मी त्यांना सगळ्यांत आधी जीपमध्ये नेऊन बसवलं आणि वृंदाला त्यांच्या शेजारी पहाऱ्यावर ठेवलं. भारनियमनाचं वेळापत्रक तपासलेलं होतं, दुपारी वीज असणार होती, तरी खाली यूपीएस लावला होता. बॉक्सवर वाहिनी लावली, टीव्ही बंद केला, एक पंचवीसला सुरू आणि दोन पाचला बंद, अशी वेळ कॉम्प्युटरला दोनदा सांगितली. रिमोट कुणाच्या बुडाखाली वगैरे सापडू नये म्हणून तो घरातल्या सर्वांत सुरक्षित ठिकाणी, आईच्या लोखंडी कपाटात, ठेवून कुलूप लावलं.

जीप सुटणार तेवढ्यात आईला आठवलं की आहेराचं पाकीट वरच राहिलं. मी जातो म्हणालो, पण किल्ल्या कमरेला असल्यामुळे तीच गेली. पाच मिनिटांत आली. गुडघे दुखत असूनही ती दोन मजले चढून आली याचं मला वाईट वाटलं.

लग्न छान झालं असावं. मला आठवत नाही, कारण मी घड्याळ बघत होतो. एक पंचवीसला मी पंगतीत जिलबी हातात धरून अण्णांना म्हणालो, "सुरू झालं." अण्णांनीही आपली जिलबी थांबवली. दीड वाजता मला राहवेना. मी उठून वाढप्यांच्या मधून वाट काढत पंगतीपंगतीत सांगत सुटलो, की आत्ता या क्षणी आई सांगलीत टीव्हीवर शेंगोळे करते आहे, इकडेही बसलेली आहे आणि तिकडेही उभी आहे, आणि कुणाचंही काहीही बुडणार नाही. रणधीरच्या सासूबाईंनी मला हात जोडले. त्यांना मी कुणी महाराज वाटलो असलो तर तो त्यांचा दोष नव्हता. काकांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं की रविवारी सगळे जण सांगलीला येऊन हा कार्यक्रम पाहतील. मी लगोलग प्रत्येक घरासाठी एक अशा अकरा सीड्या कबूल केल्या.

आई खाली मान घालून मसालेभात खात होती. शेजारी शालनकाकू होती. ती आईला म्हणाली, आता तुम्हाला बघायचंय मला टीव्हीवर, वहिनी. आईला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी काकूच्या घरी सत्यनारायण होता. सगळे थांबा म्हणत असताना मी रेकॉर्डिंगसाठी गुरुवारी संध्याकाळीच निघालो. आई थोरली सून असून, पूजा सोडून आमच्याबरोबर निघाली, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. घर उघडल्यावरही तीच आधी आत गेली. मी बूट काढेपर्यंत ती खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, तुझं ते दिवे लावून बसलंय.

कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर फाइल होती. पावणेदोन जीबी, बरोबर चाळीस मिनिटं. मी ती उघडून बघितली नाही. हे आज सांगताना मूर्खपणाचं वाटतं, पण ज्या माणसानं तीन आठवडे आकड्यांशी झुंज दिली आहे त्याला आकडा दिसला की पुरतं. शिवाय माझ्या मनात होतं, की हे पहिल्यांदा आईनं पाहायचं. तसं मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, रविवारी बघू सगळ्यांबरोबर, घाई काय आहे.

मी दाबायला लावलं आणि जेवायला बसलो. दहा तास लागणार होते. तीन तासांतच घंटी वाजली.

फाइल झाली होती बेचाळीस एमबीची.

मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो. सातशेत मावायचं ते बेचाळीसमध्ये. अण्णांना उठवून सांगितलं. त्यांनी पाण्याच्या हिशेबात विचार करून ही बचत अशक्य आहे असं सांगितलं आणि माझा हात हातात घेतला. सकाळी मी मगदूमला फोन केला.

"सर, चाळीस मिनिटांचं एवढं लहान होत नाही," मगदूम म्हणाला.

"झालंय."

"कसलं सेटिंग केलंत?"

"ते आता आठवत नाही. सुचत गेलं तसं."

तो हळूच म्हणाला, "सर, आत आहे काय?"

"माझी आई," मी म्हणालो.

रविवारी काकूच्या घरचे अकरा जण आले. नवी सूनही आली, हातावरची मेंदी ओली असल्यासारखी धरून. मी अकरा सीड्यांवर आईचा पैठणीतला फोटो छापून चिकटवला होता. कॉम्प्युटरची वायर टीव्हीला जोडली. पडदे ओढले. आईला मधल्या खुर्चीत बसवणार होतो, पण ती चहाचं बघते म्हणून आत गेली. ती येईपर्यंत थांबू म्हणालो, तर आतून आवाज आला, लावा तुम्ही.

लावलं.

पडद्यावर निळी पाटी आली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, की आपण या वाहिनीचे सदस्य नाही, सदस्य होण्यासाठी अमुक क्रमांकावर निरोप पाठवा.

मी म्हणालो, हे सुरुवातीचं आहे. मंडळी बघत बसली. काकांनी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली, ज्यांना चष्मा नव्हता त्यांच्यासाठी. दोन मिनिटं झाली. नव्या सुनेनं पदर सावरला. चार मिनिटं झाली. पाटी हलली नाही, बदलली नाही, आणि हलत नाही ते पुन्हा लिहायचं नाही या न्यायानं, माझा जागतिक विक्रम कशाचा होता ते मला सातव्या मिनिटाला समजलं.

"वरीलप्रमाणे," अण्णा पुटपुटले. आमच्या घरात तंत्रज्ञान एवढं कुणाला कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता कुणाला तरी दोष देणं भाग होतं आणि अण्णा जवळच बसले होते. कुणीतरी म्हणालं, अण्णा, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार. काका म्हणाले, दादाला सवय आहे. अण्णांनी उभं राहून, खात्यातल्या चौकशीला देत तसं उत्तर दिलं, की घटनेच्या दिवशी आपण सकाळी सव्वासातपासून जीपमध्ये स्थानबद्ध होतो, सूनबाई साक्षीला आहे, आणि रिमोट तर कुलपात होता.

रिमोट कुलपात होता. कुलूप आईच्या कपाटाला होतं. किल्ली आईच्या कमरेला होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई चहा गाळत होती. चौदा कप भरले होते आणि ती पंधराव्यात ओतत होती.

"आहेराचं पाकीट कुठे होतं गं?" मी विचारलं.

"पर्समध्ये," ती म्हणाली. वर न बघता.

तिनं भांडं खाली ठेवलं.

"तूच म्हणालास, बॉक्सवर असेल तेच आत जातं. मी नुसते तीन आकडे दाबले. कुठलं लागलं ते बघितलंपण नाही. आल्यावर पुन्हा होतं तिथे आणून ठेवलं."

"पण का?"

"त्या कार्यक्रमातल्या बाईनं विचारलं, एवढे सुंदर शेंगोळे कुणाकडून शिकलात. समोर तीन कॅमेरे, वरून हे एवढे दिवे. मी म्हटलं, माझ्या आईकडून."

"मग काय झालं त्यात?"

"माझ्या आईला साधा भात जमायचा नाही, शिरीष. माझे वडील म्हणायचे, हिच्या हातचं आजारी माणसालाच द्या, तो तसाही तक्रार करणार नाही." तिनं पदराला हात पुसले. "शालननं शिकवले मला. तू तीन वर्षांचा होतास, मला टायफॉइड झाला होता. दोन महिने ती आपल्याकडे राहिली. एकोणीस वर्षांची पोर, घर बघायची, तुला बघायची. मला तोंडाला चव नव्हती म्हणून तिनं कारळं घालून बघितलं. ते तिचं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही, तिचं आहे. आणि मी सगळ्या महाराष्ट्राला सांगून आले, आईचं म्हणून."

"का म्हणालीस असं?"

"माहीत नाही. टीव्हीवर आईचंच नाव घेतात ना सगळ्या. तेच आलं तोंडात."

बाहेर कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवून बघत होतं.

"मग सांगून टाकायचं होतंस तिला."

"लग्न होतं तिच्या घरी. लग्नात सांगू?" ती म्हणाली. मग गाळणी झटकत, "किती वेळ आहे रे ते निळं?"

"चाळीस मिनिटं."

"अगंबाई," आई म्हणाली, आणि तिला हसू यायला लागलं. आधी नुसते खांदे हलले. मग तिनं तोंडात पदर कोंबला. मला ते बघून काय झालं कुणास ठाऊक, मीही ओट्याला धरून हसत सुटलो. दोघांनाही थांबवता येईना. चहाचं भांडं कलंडलं, ते सावरताना आणखी हसलो.

दारात शालनकाकू उभी होती. ट्रे घ्यायला आली असावी. आईचं हसू जागच्या जागी थिजलं.

"कारळं भाजलं नव्हतंत तुम्ही, वहिनी," काकू म्हणाली.

आईनं तोंडातला पदर काढला.

"कच्चंच घातलंत. कडवट झाले असणार. ती बाई खाताना डोळे मिटत होती ते चवीनं नव्हतं." काकूनं कप ट्रेमध्ये मांडायला सुरुवात केली. "विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या जाऊबाईंच्या आई काय सुगरण असतील हो. म्हटलं, होत्याच. माझ्या हातचे शेंगोळे त्यांच्यापुढे काहीच नाहीत."

"शालन," आई म्हणाली.

"साखर टाकलीय का यात?"

"टाकलीय."

"मग द्या इकडे."

काकू ट्रे घेऊन बाहेर गेली. आई कमरेच्या किल्ल्या मुठीत धरून उभी राहिली. तिला विचारता येईना, म्हणून मीच बाहेर जाऊन काकांना विचारलं, की काकूनं कार्यक्रम पाहिला कधी.

काका निळ्या पाटीवरून नजर न हलवता म्हणाले, शुक्रवारी, पूजेच्या आधी, सगळ्यांनी बसून. त्या वाहिनीवर दुपारचं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुन्हा लागतं, आणि शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा.